हाताला कळेना तेव्हा

पूजेचं लिंग माझ्या हातातून पडलं ते मला कळलंच नाही. क्षणभर डोळे मिटले होते, ओठांवर नेहमीचं 'ॐ नमः शिवाय' होतं आणि डावा तळहात छातीसमोर धरलेला होता, लहानपणापासून रोज सकाळी धरत आले तसाच. डोळे उघडले तर तळहात रिकामा. बेलाचं पान मांडीवर आणि इष्टलिंग फरशीवर, पाटापासून लांब घरंगळत गेलेलं. आम्हा लिंगायतांचा देव देव्हाऱ्यात कमी आणि अंगावर जास्त असतो. दीक्षेच्या वेळी गळ्यात आलेलं ते लिंग रोज तळहातावर घ्यायचं, त्याच्याकडे एकटक बघत बसायचं, एवढीच आमची पूजा. ते हातातून सुटणं ही आमच्यात लहान गोष्ट नव्हे. पण ते पडलं, यापेक्षा पडलेलं कळलं नाही याचंच मला जास्त भय वाटलं. ज्या हातावर तो रोज येऊन बसतो तो हातच मुका झाला, तर मी त्याला ठेवू कुठे?

आजार त्याच्या बऱ्याच आधी सुरू झाला होता. राजारामपुरीत आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत मी ब्लाऊज शिवायचे. एकदा लिंबू रंगाच्या कापडावर लाल ठिपका दिसला, तो पुसायला गेले तर वाढला. मग लक्षात आलं की सुई माझ्याच बोटात गेली आहे. दुखलं कसं नाही, याचं तेव्हा हसूच आलं. पुढे एकदा भाजीला जाताना पायातली चप्पल रस्त्यातच राहिली आणि मी तशीच चालत राहिले. भाजीवालीनं विचारलं, "एका पायात चप्पल घालून कुठं निघालाय वैनी?" तेव्हा मात्र हसू आलं नाही. पाय जड झाले, जिना चढवेना, कात्री धरवेना. बऱ्याच तपासण्यांनंतर नसांच्या डॉक्टरांनी समजावलं, की शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून नसांवर उलटली आहे. विजेच्या तारेवरचं प्लास्टिक निघून जावं तसं नसांवरचं आवरण झिजत आहे. आमच्या यांनी विचारलं, "बरं होईल का?" डॉक्टर म्हणाले, "आटोक्यात राहील. औषध आम्ही देऊ. पण खरं काम घरी आहे, आणि ते लांबचं आहे."

घरात माणसं तीनच. हे वारणानगरला साखर कारखान्यात नोकरीला, सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. राहिलो मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना सगळे अव्वा म्हणतात. माहेर संकेश्वरकडचं, त्यामुळे बोलणं अर्धं कन्नड, अर्धं कोल्हापुरी, आणि आवाज असा की चौथ्या मजल्यावरून हाक मारली तर खालचा रिक्षावाला वर बघतो. सत्तरी ओलांडलेली, साखरेचा आजार, गुडघे कुरकुरणारे. या वयात त्यांना मी सांभाळायचं, तर त्याच मला अंघोळ घालू लागल्या. पाणी किती गरम आहे ते मला कळायचं नाही, म्हणून त्या आधी आपलं कोपर बादलीत बुडवून बघत. रोज संध्याकाळी चष्मा लावून माझे तळपाय तपासत, कारण पायात खडा रुतला, फोड आला तरी मला पत्ता लागायचा नाही. सासूच्या मांडीवर सुनेचे पाय! पहिल्या वेळी मी पाय ओढून घ्यायला लागले, पण तेवढंही बळ नव्हतं.

"अव्वा, नका हो. पाप लागेल मला."

"गप बस. पायाला काय सासू आन् सून कळत न्हाय," त्या म्हणाल्या आणि टाचेवर खोबरेल चोळत राहिल्या.

व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायची. ती उभं राहायला शिकवी, वॉकर धरून वळायला शिकवी. परातीत तांदूळ घेऊन त्यात लहानसहान वस्तू लपवायच्या आणि मी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी त्या शोधून ओळखायच्या, हाही तिचाच व्यायाम. ती गेली की अव्वांचा खेळ सुरू. सुपारी, किल्ली, शर्टाचं बटण, जे हाताला येईल ते त्या तांदळात घालत. मी बटणाला सुपारी म्हटलं की त्या खदखदून हसत आणि म्हणत, "आता हिच्या हातचा विडा कुणी खायचा न्हाय." मीही हसायचे. एवढ्या आजारपणात आमच्या घरात हसणं कमी झालं नाही, ते त्यांच्यामुळे.

पण त्या सकाळी लिंग पडलं आणि माझ्यातलं काहीतरी बंद झालं. अव्वांनी ते उचललं, धुतलं, भस्म लावलं, स्वतःच्या कपाळाला टेकवलं आणि माझ्यापुढे धरलं. मी मान फिरवली. म्हटलं, "डबीत घालून ठेवा. मला नको." मी ज्याला आयुष्यभर तळहातावर जपलं त्यानं माझा तळहातच काढून घेतला, असं मनात बसलं होतं. मला वाटलं अव्वा रागावतील, ओरडतील. पण त्यांनी चांदीच्या डबीत लिंग ठेवून डबी माझ्या गळ्यात घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून आपला पाट माझ्या पलंगाशेजारी मांडून तिथेच स्वतःची पूजा करू लागल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मंत्र कानावर पडायचा, पण आत उतरायचा नाही.

श्रावण लागला. एका सोमवारी दुपारी मी खुर्चीत बसले होते आणि अव्वा स्वयंपाकघरात होत्या. भांडं पडल्याचा आवाज आला. हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. अव्वांनी हाकेला ओ दिली नाही, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. वॉकर पलंगापलीकडे राहिला होता. फोन टेबलावर होता, तो घ्यायला गेले तर बोटांतून निसटून टेबलाखाली गेला. मग मी खुर्चीतून सरळ खाली घसरले आणि कोपरांवर सरकत स्वयंपाकघराकडे निघाले. अव्वा ओट्याशी पडल्या होत्या, चेहरा घामानं भिजलेला, ओठ पुटपुटल्यासारखे हलत होते आणि मग हलायचे थांबले. मी त्यांच्या गालावर हात ठेवला. गाल थंड आहे की ऊन, मला कळेना. मनगट धरलं, नाडी कळेना. माझ्या माणसात जीव आहे की गेला हे माझा हात मला सांगत नव्हता! तेव्हा मी वाकून माझा गाल त्यांच्या नाकाशी नेला. श्वास लागला. बारीक, ऊन, अडखळता, पण लागला. माझ्या तोंडून मोठ्यानं "शिवा!" निघालं. इतक्या दिवसांत मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. ती प्रार्थना होती असंही नाही. लहान मूल पडल्यावर आईला हाक मारतं, तशी ती निघाली.

आणि दाराची बेल वाजली.

बाहेरून बाईचा आवाज आला, "मॅडम, हाईसा का घरात?"

"थांबा! जाऊ नका! माणूस पडलंय इथं!" मी ओरडले. दाराला आतून कडी होती. सरकत तिथवर गेले, भिंतीला टेकून गुडघ्यांवर उठले. बोटांना कडी सापडेना म्हणून मनगटानं ती खालून वर ढकलत राहिले. एकदा, दोनदा घसरली. बाहेरची बाई दाराला चिकटून बोलत होती, "दमानं वैनी, दमानं. मी हाय हितंच. जात न्हाय मी." कडी सरकली.

आत आली ती माझ्याच वयाची, हिरव्या साडीतली, हातात लग्नपत्रिकांची पिशवी. तिनं एका नजरेत सगळं बघितलं आणि काहीही न विचारता आधी अव्वांना कुशीवर वळवलं. "साखर हाय का ह्यास्नी?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. गुळाचा डबा कुठे आहे ते सांगितलं, तिनं बोटावर गूळ घेऊन अव्वांच्या गालाच्या आतून चोळला. मग माझ्याकडून नंबर घेऊन फिजिओथेरपिस्ट मुलीला फोन लावला, तिनं जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पाठवलं. ते येईपर्यंत ती बाई फरशीवर मांडी घालून बसली होती, अव्वांचं डोकं मांडीवर आणि एक हात माझ्या पाठीवर. थोड्या वेळानं अव्वांनी डोळे उघडले, अनोळखी तोंड बघितलं आणि क्षीण आवाजात पहिलं वाक्य बोलल्या, "चहा घिटलासा का?"

मी रडत रडत हसले.

मागाहून सगळं समजलं. अव्वा माझ्यासाठी मला न सांगता सोमवारी कडक उपास करत होत्या, आणि साखरेची गोळी मात्र नेमानं घेत होत्या, म्हणून रक्तातली साखर एकदम उतरली. डॉक्टर रागावले. हे संध्याकाळी आल्यावर त्याहून जास्त रागावले. "आता नाही करत," असं अव्वांनी कबूल केलं, पण तोंड असं केलं की आम्हीच गुन्हा केला आहे. त्या बाईचं नाव सुनंदा. जवळच्याच गडमुडशिंगी गावच्या. मुलीच्या लग्नाची पत्रिका मुलीच्या जुन्या शिक्षिकेला द्यायला आल्या होत्या. शिक्षिका राहतात आमच्या वरच्या मजल्यावर. लिफ्टमधून एक मजला आधी उतरल्या, एवढंच. निघताना हात जोडून "जयभीम" म्हणाल्या. अव्वांनी पडल्या पडल्याच "शरणू, शरणू" असा आमच्यातला नमस्कार केला. सुनंदाताई चुकून आल्या की कुणी आणून सोडल्या, हे मी कुणाला पटवून देणार नाही. त्या आल्या, आणि माझी अव्वा मला परत मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा अशक्तपणानं झोपून होत्या. मी पाट मागितला. त्यांनी उशीवरूनच माझ्याकडे बघितलं. मग उठून बसत माझ्या गळ्यातली डबी त्यांनीच उघडली, लिंग माझ्या तळहातावर ठेवलं आणि त्याखाली आपला सुरकुतलेला हात धरला.

"कळतंय का ग यव्वा?" त्यांनी मायेच्या कन्नड हाकेनं विचारलं.

"नाही."

"मग गालाला लाव. कपाळाला लाव. काल माझा जीव गालानंच वळखलास न्हवं? त्याचं काय हाय, तो कुठं बी बसतोय की."

मी लिंग गालाला लावलं. गार होतं. ते गारपण मला कळलं, आणि मी ते तसंच गालाशी धरून ठेवलं. मागणं काहीच नव्हतं. हात परत दे, असंही मी म्हटलं नाही.

त्यानंतर माझ्यात जे बदललं त्यात चमत्कार काही नाही. औषधं चालू आहेत, व्यायाम चालू आहे. बोटांच्या टोकांना आता कधीकधी मुंग्या येतात आणि ती मुलगी म्हणते की हे चांगलं लक्षण आहे. वॉकरच्या जागी काठी आली. शिवणयंत्र अजून झाकलेलंच आहे, कदाचित राहीलही. पण अव्वा पाय मांडीवर घेतात तेव्हा मी ते ओढून घेत नाही. मदत घेणं म्हणजे कमी पडणं असं मी समजत होते, देवाकडून आणि माणसांकडूनही. शरण हा शब्द आमच्यात रोज तोंडात असतो. तो जगायचा कसा, हे मला दार उघडता येत नसताना कळलं. आपलं बळ संपतं तिथे मोठ्यानं हाक मारावी आणि जो येईल त्याला आत येऊ द्यावं. माझ्यापुरता त्या शब्दाचा अर्थ आता एवढाच आहे.

सुनंदाताईंच्या मुलीच्या लग्नाला आम्ही तिघेही गडमुडशिंगीला गेलो. आजारानंतर गावाबाहेर पडायची माझी ती पहिलीच वेळ. मांडवात बुद्धवंदना झाली, पाकळ्यांची उधळण झाली, नवरी लाजून हसली. जेवायला बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरी मी ज्या जाड दांड्याच्या चमच्यानं जेवते तो घरीच राहिला आहे. पत्रावळीतली जिलेबी बोटांत येईना. समोर सगळी अनोळखी पंगत. हे उठू लागले, तेवढ्यात सुनंदाताई नवरीच्या आईची सगळी गडबड टाकून माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला.

"लाजू नगासा वैनी," त्या म्हणाल्या, "आज माझ्या घरचं कार्य हाय."

शेजारून अव्वांचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला, "मोठा तुकडा घाला की!"

पंगत हसली. मी तोंड उघडलं.