ॲसिटोनचा विद्वान

दिराला गल्लीत सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणत आणि तो ते कौतुक समजे, यातच वहिनीला त्याच्या अकलेचं माप मिळालं होतं. फायबरच्या होड्या बनवणाऱ्या कारखान्यात तो ब्रश आणि रोलर धुवायचा. त्यांना लागलेली चिकट राळ ॲसिटोनमध्ये झटक्यात सुटते, एवढीच काय ती विद्या. पण घरी आला की तोरा असा, जणू ते यानंच शोधून काढलंय!

“पाण्यात मिसळतं, तेलातही मिसळतं. असं दुसरं काही दाखवा, वहिनी.”

“तुम्ही आहात की. जेवणाच्या वेळी सगळ्यांत मिसळता, कामाच्या वेळी हवेत उडून जाता.”

तो हसला. टोमणा कळायलाही डोकं लागतं.

खिडकीचा जुना रंग त्यानं काढून दिला, हे ती नाकारत नव्हती. पण मग तिच्या कोटाच्या चकाकत्या अस्तरावरचा शाईचा डाग काढायला बसला आणि डागाबरोबर अस्तरही विरघळवलं. वर म्हणाला, “कापडच हलकं होतं.” एकदा उघडी बाटली पेटत्या गॅसशेजारी ठेवली, तेव्हा तिनं त्याला बाटलीसकट अंगणात हाकललं. त्याचे हात पांढरेफटक पडून भेगाळले होते, कारण ॲसिटोन कातडीतलं तेलही शोषून घेतं. “हातमोजे घाला,” असं तिनं एकदा सांगून पाहिलं. “मोजे नवशिके घालतात,” म्हणाला. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

मग सासऱ्यांचा सत्कार ठरला. निवृत्त पोस्टमनांच्या मंडळात त्यांना भाषण करायचं होतं आणि त्यांची कवळी चहानं पिवळी पडली होती. सत्काराच्या दिवशी दुपारी सासरे झोपले, वहिनी बाजारात गेली, आणि शास्त्रज्ञानं कवळी वाटीभर ॲसिटोनमध्ये बुडवून वर झाकण ठेवलं.

ती परतली तर घरभर तो गोडसर उग्र वास. झाकण उचललं. गुलाबी हिरड्या पांढुरक्या, बुळबुळीत झाल्या होत्या आणि बोट लावताच समोरचे दोन दात कलले.

“भाऊजी, हे काय केलंत?”

“डाग गेले की नाही, ते बघा!”

“दात गेले, भाऊजी. हे प्लॅस्टिक आहे, तुमचा ब्रश नाही.”

“मग दातवाल्यानंच फसवलंय. अस्सल माल असता तर टिकला असता.”

सासरे उठून आले. वाटीत पाहिलं, मग धाकट्या मुलाकडे, आणि शर्ट घालायला गेले. दीर मात्र वाटीत काडी घालून ढवळत होता.

संध्याकाळी मंडळात सासरे बोळक्या तोंडानंच बोलले. जोडाक्षर आलं की शब्द सांडत होते. लोक आधी गालात हसले, मग मोकळेपणानं. सासरेही हसले आणि पत्ता चुकलेल्या पत्रांचे किस्से त्यांनी असे रंगवले की टाळ्या थांबेनात. वहिनी डोळे पुसत होती.

दीर तिच्याकडे झुकला. “पाहिलंत? कवळी असती तर एवढं रंगलं असतं का?”

वहिनी उठली आणि दोन खुर्च्या सोडून बसली.

नवी कवळी येईपर्यंत तिनं सासऱ्यांना सगळं मऊ शिजवून घातलं. दिरालाही तेच वाढलं. तो कुरकुरला, तेव्हा सासरे म्हणाले, “खा गुमान. घास असो की विचार, तुला कुठं काही चावून बघायची सवय आहे?”