पोरीवरची पाळत

मुलगी जन्मली तेव्हा रडलीच नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टर म्हणाले, आणि इजा वाढू नये म्हणून तिला काचेपलीकडे थंड गादीवर ठेवलं. पुढे ती वेळेवर बसली, चालली, बोलली. तरी दर तपासणीला डॉक्टरीणबाई सांगायच्या, "शाळेत जायला लागली की राग, भीती, एका जागी मन लागणं, यावर लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा म्हणे! मी पाळतच ठेवली. दोडक्याची भाजी पाहून तिने ताट भिरकावलं, तर हा हट्ट की ती जुनी इजा? शहाण्यासारखी गप्प बसली, तर संशय आणखीच वाढायचा. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "छान आहे हो तुमची मुलगी," तर मला वाटलं, या नक्की काहीतरी लपवताहेत. नवरा म्हणायचा, लहानपणी मीही असाच तापट होतो. मग मी त्यालाही निरखायला लागले.

सासूबाई वैतागायच्या. "काहून वं, पोरीले अशी टुकूर टुकूर पाहत राहते? खेळू दे ना तिले!"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. भलामोठा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळायचा, आणि बघणाऱ्यांनी आपापली पीडा ओरडून त्याच्या हवाली करायची. यंदा मुलगी हटूनच बसली, म्हणून सगळे गेलो. मीही मनात एक पीडा धरून निघाले होते, तिच्या जन्माची. ढोल, गर्दी, आरडाओरडा. आता ही किंचाळणार, कान झाकणार, म्हणून मी मारबत सोडून तिच्याच तोंडाकडे बघत होते. ती बापाच्या खांद्यावर मजेत पाय हलवत होती. तेही मला खरं वाटेना.

शेजारचे काका ओरडले, "डेंगू घेऊन जा गे मारबत!" सासूबाईंनी गुडघेदुखी देऊन टाकली. नवरा वर बघत म्हणाला, "तू पण सांग ना बेटा."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "आईचं टुकूर टुकूर पाहणं घेऊन जा गे मारबत!"

आजूबाजूचे सगळे हसले. सासूबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या. माझी पीडा ओठांतच राहिली आणि मला रडू फुटलं. डोळे पुसून वर पाहिलं, तर तिचे पाय हलायचे थांबले होते. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, अगदी मी बघते तशी.