रिकाम्या अंगणातली चढाई

मी पदवीधर झालो तो कदम सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्रात नापास झाल्यावर गावच्या शाळेतल्या खेळाच्या या शिक्षकांनीच मला परत परीक्षेला बसवलं.

हल्ली सकाळी बँकेत जाताना मैदानावर महेश दिसतो. तो आमच्या तालुक्याचा कबड्डीतला चढाईपटू. गेल्या मोसमात गुडघा दुखावला आणि संघातून नाव गेलं. सध्या सामने नाहीत, कडेनं गवत वाढलंय. तरी तो मधली रेषा ओलांडून रिकाम्या अंगणात शिरतो, समोर नसलेल्या सात जणांना हुलकावण्या देतो आणि दम सुटायच्या आत रेषेवर परततो.

"समोर कुणी नाही, मग मोठ्यानं कबड्डी-कबड्डी कशाला म्हणतोस?" मी एकदा विचारलं.

"नाही म्हटलं तर नुसतं पळणं झालं, दादा," तो हसला. "दिवाळीनंतर निवड आहे. घेतलं तर घेतलं." बोलताना त्याचा हात गुडघ्यावरून फिरत होता.

बघणारं कुणी नसताना केलेली मेहनत पाहिली की मला बरं वाटतं. पुन्हा उभं राहणं बहुधा असंच, कुणाच्या लक्षात न येता सुरू होत असावं.

त्याच दिवशी सरांना पत्र टाकलं:

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार. इथल्या महेश नावाच्या कबड्डीपटूची निवड होईल की नाही, सांगता येत नाही. उद्यापासून मी अर्धा तास आधी निघून त्याच्यासमोर बचावाला उभा राहणार आहे. मला खेळातलं काही कळत नाही, हे तुम्ही जाणताच. पण तुम्हाला तरी माझं अर्थशास्त्र कुठं कळायचं? रोज संध्याकाळी समोर बसून ऐकायचात."