पादुवाला नेलेलं पाकीट

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही — देवालासुद्धा नाही. देवाला सांगायची सोय होती. दुबईतल्या आमच्या चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी कबुलीला रांग लागते; पण मराठीत ऐकणारे फादर एकच, आणि ते वसईचे, इनासच्या गावचे. कबुलीची गुप्तता पवित्र असते, मला ठाऊक आहे. बंद पाकिटाचीही असते, असं तेव्हा माझं मत होतं.

इनास आणि मी एकाच ऑफिसात — अल क्वोजमध्ये इटालियन फरश्या आणि नळ विकणारी कंपनी. तेरा वर्षं शेजारी टेबलं, करामा भागात एकाच बिल्डिंगमध्ये घरं. दर मंगळवारी कोणाच्या तरी हॉलमध्ये संत अंथनीच्या नोव्हेनाची प्रार्थना असायची. मी जायचो तो मुख्यतः नंतरच्या सामोशांसाठी. कंपनीने मला मिलानच्या प्रदर्शनाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा कोणीतरी शोध लावला की तिथून पादुवा ट्रेनने दोनच तास. संत अंथनीची कबर पादुवाला. लोक आपल्या विनवण्या लिहून तिथे ठेवतात. झालं — मी पोस्टमन झालो.

दहा जणांनी कागद नुसते घडी घालून दिले. इनासने पाकीट दिलं, डिंकाने चिकटवलेलं.

"जपून ने रे जॉन, माझा सगळा संसार आहे त्यात."

"मग कुरिअर कर की!"

हॉलभर हशा. इनासही हसला — पण जरा उशिरा हसला, असं मला वाटलं.

खरं सांगतो, तो उशीरच मला चावत राहिला. ऑफिसात नवा मॅनेजर आला होता आणि दोन सुपरवायझरांपैकी एकच राहणार, असं त्याने जाहीर केलं होतं. दोन म्हणजे इनास आणि मी. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, मुलांची शाळा — सगळंच खलास. आणि इनास दोन महिने जिन्यात जाऊन फोन घेत होता. मी काय समजायचं? संत अंथनी हरवलेल्या वस्तू शोधून देतो; चालत्या माणसाला हरवून टाकायची कामं तो घेत नाही, एवढं मलाही कळत होतं. माझा त्याच्यावर फारसा विश्वासही नव्हता. तरी — आपल्याविरुद्धची तक्रार वर चालली आहे आणि हमाल आपणच, हे सहन होईना.

मिलानहून गाडी सुटली. ब्रेशा स्टेशन गेलं. डाव्या हाताला मोठं निळं तळं आलं, डब्यातले सगळे खिडक्यांना चिकटले. मी पाकिटाकडे बघत होतो. पाकीट वाफेवर उघडतं, हे ऐकून होतो. पण इटलीतली कॉफी औषधाच्या मापात येते, तिला वाफ ती कसली? शेवटी चहा घेतला — गरम पाण्याचा ग्लास आणि बाजूला पुडी. पुडी मी उघडलीच नाही.

समोर एक म्हातारी बाई संत्रं सोलत होती. ती माझ्याकडे बघत होती का? तिकीट तपासायला माणूस आला, तेव्हा मी पाकीट मांडीखाली सारलं आणि तिकिटाऐवजी पासपोर्ट पुढे केला. तो हसला. त्याला काही दिसलं असेल का? — संशयी माणसाला सगळं जग आपल्याएवढंच रिकामटेकडं वाटतं.

वेरोना सोडल्यावर मी ते वाचलं. चारच ओळी. गुरुवारी दोहाच्या कंपनीचा शेवटचा इंटरव्ह्यू आहे, तो पार पडू दे. ती नोकरी मिळाली तर इथली जागा आपोआप जॉनला राहील, मैत्रीत कडवटपणा येणार नाही. नाही मिळाली तर निदान इथली तरी टिकू दे, लेक रिया दहावीला आहे.

इथे मला लाज वाटायला हवी होती ना? थोडी वाटली. विचेंझापर्यंत टिकली. मग मी ते 'नाही मिळाली तर' पुन्हा वाचलं.

पाकीट मी पुन्हा चिकटवलं. पादुवाला कबरीच्या थंड संगमरवरावर हात ठेवला, अकराच्या अकरा विनवण्या ठेवल्या, फोटो काढून ग्रुपवर टाकला. छप्पन्न लोकांनी हात जोडले. सगळ्यात आधी इनासने.

दुबईला परतलो आणि दुसऱ्याच सकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो — टाइल्सचे नमुने दाखवायला. निघताना दारातून म्हणालो, "सर, इनास बाहर देख रहा है. दोहा."

"पक्का?"

"सुना है."

सुना है! कोणाकडून, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं, तर संतांचंच नाव घ्यावं लागलं असतं.

आठवड्यात इनासला नोटीस मिळाली. त्यानंतर चार दिवसांनी दोहाहून नकार आला. ज्याला स्वतःहून जाऊ द्यायला मला फक्त गप्प बसायचं होतं, त्याला मी काढायला लावलं. आणि ज्याला राहायची गरज पडली, त्याला राहायला जागा ठेवली नाही. रियाला वर्षाच्या मध्येच वसईच्या शाळेत घातलं. सामान बांधायला मी गेलो होतो. ती खोक्यांवर नावं लिहीत होती. मी काहीतरी समजावायला गेलो, तर म्हणाली, "इट्स ओके, अंकल." आणि इनास बायकोला म्हणाला, "जॉन नसता तर आपलं पत्र पादुवाला पोचलं असतं का?" मी टेपचं दुसरं टोक धरून उभा होतो.

ऑफिसात निरोप समारंभ झाला. फुगे होते, काचेची ट्रॉफी होती, 'आपण सगळे एक कुटुंब' हे मॅनेजरचं भाषण होतं. मित्र म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलं. मी बारा मिनिटं बोललो, निष्ठेवर. दोघांचे डोळे पाणावले, त्यातला एक इनास.

केक अननसाचा होता. अर्धा उरला, तो मी घरी नेला.