श्वास न घेणारा आवाज

ग्वाल्हेर स्टेशनवर गाडी सुटायला पाच मिनिटं उरली होती आणि आई माझ्याशी बोलत नव्हती. ती आली होती, हेच पुष्कळ. खासगी बाजार या आमच्या मोहल्ल्यातून टेम्पोनं येताना माझी एक बॅग तिनं मांडीवर धरली होती, पण तोंड रस्त्याकडे. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून तिळाच्या गजकाचा डबा आत सरकवला आणि म्हणाली, "पोचलीस की कळव." बस, एवढंच. खरं बोलणं आदल्या दिवशी झालं होतं. "गळा गाण्यासाठी दिलाय देवानं, चित्रातल्या जनावरांसाठी नाही," असं ती म्हणाली होती आणि पेटी बंद करून आत निघून गेली होती.

आई गाणं शिकवते. बाबा मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर घर चाललं ते या शिकवण्यांवर. मीही तिच्यासमोर बसून बारा वर्षं शिकले. तिला वाटत होतं, मी गाईन. आणि मी निघाले होते मुंबईला, मुलांसाठी नव्यानं सुरू होणाऱ्या एका कार्टून चॅनेलसाठी परदेशी चित्रांना हिंदी आवाज द्यायला.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला यातलं थोडं माहीत आहे. तुमच्या मुलांनी माझा आवाज ऐकलाय. आणि माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांना बाकीचं माहीत आहे. ग्वाल्हेरला शेजारचे आपल्याला "मराठे लोग" म्हणायचे, मुंबईत मी "भूक लागून राहिलीय" म्हटलं की मालाडच्या घरमालकीणबाई हसायच्या आणि विचारायच्या, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" दोन्हीकडे मी दुसरीकडचीच होते. पण माझी हिंदी लोकांना आवडली. साफ, गोड, कुठल्याच गावचा वास नसलेली. चॅनेलला तेच हवं होतं.

मला मिळाली झुम्मी. निळ्या रंगाचं खारीचं पिल्लू, वय सहा वर्षं. गळा आवळून, जीभ टाळूला नेऊन बोलावं लागे. स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणारा थॉमस, वसईचा, काचेपलीकडून अंगठा दाखवायचा. झुम्मी मुलांना इतकी आवडली, की दोन कार्यक्रमांच्या मध्ये बोलायचं कामही तिच्याकडेच आलं. जाहिरात लागायच्या आधी ती म्हणायची, "कहीं जाना मत, मैं यहीं हूँ!" हे वाक्य मी किती प्रकारे बोलले असेन, सांगता येणार नाही. ऑफिसचा एक मजला होता, त्याचे तीन झाले. भिंती रंगीत झाल्या. दर दिवाळीला पार्टी. कुणाच्या घरी गेले की तिथल्या मुलांसमोर मला उभं करत.

एकदा सुट्टीत मी न कळवता घरी गेले. दुपारचे चार वाजले असतील. जिना चढताना वरून आईचा आवाज आला. ती कुणाशी तरी बोलत होती, अगदी मोकळेपणानं: "हो का? मग पुढे काय झालं?" आणि उत्तर देत होते मी. मी जिन्यात उभी होते, हातात बॅग, तोंड बंद. आणि वर खोलीत मी खिदळत होते. ही गंमत आहे, टीव्ही आहे, हे मला कळत होतं. तरी क्षणभर असं वाटलं, की वर गेले तर तिथं मी आधीच बसलेली असेन आणि आई मला विचारेल, आपण कोण?

वर गेले तर आईनं घाईनं टीव्ही बंद केला. "मुली बघतात म्हणून लावते," म्हणाली. शिकवणीची एकही मुलगी आलेली नव्हती.

त्याच संध्याकाळी खालच्या दुकानदाराची पाच वर्षांची नात वर आली. "दीदी, झुम्मी बनके बोलो ना!" मी बोलले. ती आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिनं माझ्या पाठीमागे जाऊन शोधलं, मग भोकाड पसरलं. "इन्होंने झुम्मी को खा लिया," असं आजोबांना सांगत ती खाली गेली. आम्ही हसलो. आई जरा कमीच हसली.

चॅनेल उतरणीला लागलं ते आम्हाला आधी कळलंच नाही. मुलं फोनवर गेली. जाहिराती कमी झाल्या, नवे भाग येणं थांबलं, जुनेच फिरून फिरून लागू लागले. तीन मजल्यांचा पुन्हा एक झाला. रंगीत भिंतींवरचे प्राणी तसेच राहिले, त्यांच्यासमोरची टेबलं गेली. मी शेवटची रेकॉर्डिंगला गेले तेव्हा अख्ख्या मजल्यावर दिवे चालू होते आणि माणसं चार होती. कोपऱ्यातल्या टीव्हीवर चॅनेल सुरू होतं आणि रिकाम्या खुर्च्यांना झुम्मी सांगत होती, कहीं जाना मत. एका तरुण मॅनेजरनं माझ्यापुढे कागद ठेवले. आतापर्यंतच्या कामाच्या हक्कांचे आहेत, म्हणाला. मी सही केली. वाचलं नाही. वाचून काय करणार होते, असं तेव्हा वाटलं.

मग मी पुस्तकांचं वाचन, जाहिराती, असं मिळेल ते करू लागले. वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. एका दुपारी आईचा फोन आला. आमचे फोन रविवारी सकाळी ठरलेले. हा बुधवार होता.

"शलू, तू बरी आहेस ना?"

"हो. काय झालं?"

"डॉक्टरकडे गेली होतीस का? छातीचं काही निघालंय का? मला लपवू नकोस."

"आई, काही नाही झालं. मी जेवून राहिलेय."

ती म्हणाली, "मग परवापासून तू श्वास का घेत नाहीयेस?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. तिनं सांगितलं: टीव्हीवर नवे भाग लागतायत. झुम्मी नवी वाक्यं बोलतेय. आवाज तुझाच, हसणं तुझंच. "पण मी दोन दिवस डोळे मिटून ऐकतेय. वाक्य सुरू होतं, संपतं, दुसरं सुरू होतं. मध्ये कुठेही श्वास नाही. इतकी लांब तान कुणी जिवंत माणूस घेऊ शकत नाही, शलू."

मी म्हटलं, मी दीड वर्षात तिथं पाऊलही टाकलेलं नाही. फोनमध्ये मागून झुम्मी बोलत होती.

थॉमसला शोधून काढलं. तो आता लग्नाच्या व्हिडिओंचं काम करत होता. म्हणाला, "अगं, तुझं सगळं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे आहे ना. मशीनला ऐकवलं, मशीन शिकलं. आता लिहून दिलं की ते बोलतं. तिथं कुणीच नाही आता. एक माणूस येतो, बघून जातो." कागदांचं मी विचारलं. तो म्हणाला, "सही तुझीच असेल."

मी घरी गेले. या वेळी कळवून. आई स्टेशनवर आली होती, आणि तिनं पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. मिठी नव्हे, तळवा सपाट ठेवून काही वेळ तसाच. छाती वरखाली होतेय का ते ती बघत होती. वाटेतल्या फूलबाग चौकापर्यंत टेम्पोत तिनं तो हात काढला नाही.

आठ दिवस आम्ही दोघी दुपारी झुम्मी बघत बसलो. आता मलाही ऐकू येत होतं, किंबहुना श्वास ऐकू येत नव्हता. आवाज माझा होता, पंचविशीतला, चकचकीत. मी आता तसं बोलूच शकत नाही, गळ्याची वाट लागलीय. ती अशा गोष्टी सांगत होती ज्या मी कधी उच्चारल्या नव्हत्या. एकदा ती म्हणाली, "मुझे मम्मी की याद आती है." आईनं आवाज कमी केला, पण बंद केला नाही. मी म्हटलं, "बंद कर ना." तर म्हणाली, "इतकी वर्षं हिच्या जोरावर दुपारी काढल्या. एकदम कशी घालवू?"

तेव्हा मला कळलं, की मी गाणं सोडलं म्हणून रुसलेली माझी आई रोज चार वाजता मला ऐकत होती. माझ्या रविवारच्या फोनवर ती दोन मिनिटं बोलायची, कारण तिचं बोलून झालेलं असायचं. मी तिच्यासाठी जे वेळ काढून केलं नाही, ते त्या खारीनं केलं होतं. मी तसं बोलून दाखवलं. आई म्हणाली, "तुला तरी कुठे माहीत होतं."

नवव्या दिवशी झुम्मी वाक्याच्या मध्येच थांबली. पडदा निळा झाला. त्यावर ओळ आली, की ही वाहिनी आता उपलब्ध नाही. ना निरोप, ना गाणं. बाजारातून भाजीवाल्याची हाक आली, कुणाचा तरी हॉर्न वाजला. आई पडद्याकडेच बघत होती. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "बोल काहीतरी."

"काय बोलू?"

तिनं डोळे मिटले. "हं," म्हणाली. "पुन्हा बोल."

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत बोलत बसले. मालाडची खोली, घरमालकीणबाई, थॉमस, कशाकशाबद्दल. चौदा वर्षांचं साठलेलं. घोगऱ्या आवाजात, खोकत, थांबत.

मी मुंबईला परत आले. काम इथं आहे. वाटलं, प्रकरण संपलं. महिन्याभरानं आईनं अगदी सहज सांगितलं, "काल तुझ्या आवाजात फोन आला होता. मुलांच्या कसल्यातरी क्लासची जाहिरात. मी विचारलं, कोण बोलतंय? तर ती हसली. तुझंच हसू." चॅनेल गेलं, पण आवाज कुणी तरी पुढे विकला होता. मी तक्रारी केल्या, मेल पाठवले. एका वकीलबाईंनी कागद वाचून नकारार्थी मान हलवली. माझा तो आवाज आता कुठे कुठे बोलत असेल, मला माहीत नाही. परवा रिक्षात शेजारच्या बाईच्या फोनमधून मी कुणाला तरी गणित शिकवत होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता मी आईला रोज फोन करते, रविवारची वाट बघत नाही. तुम्ही विचाराल, इतक्या वर्षांनी घर म्हणजे कुठलं, इथलं की तिथलं. मला जागा सांगता येत नाही. फोन उचलल्यावर आई आधी काहीच बोलत नाही. मीही बोलत नाही. खासगी बाजारातल्या त्या खोलीत ती रिसीव्हर कानाशी धरून थांबलेली असते, मन लावून, शिष्येचा पहिला सूर ऐकावा तशी. चार सेकंद, कधी पाच.

मग म्हणते, "हं. तूच आहेस. बोल."