मराठीत दिलेला शब्द

"ऊठ. ने खुरशी लूछी नाख."

ऊठ, आणि खुर्ची पुसून टाक. एवढंच म्हणाला तो. पंचविशीतला पोरगा, गळ्यात कार्ड, हातात कॉफी. मी पन्नाशीला टेकलेली बाई. पण मला एकेरीत उठवताना त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

मी पाच मिनिटं बसले असेन. सहाव्या मजल्यावरचे सगळे संडास ॲसिडने धुऊन झाले होते आणि त्या वासाने डोकं गरगरत होतं. खाली येताना तिसऱ्या मजल्यावर विश्रांती खोलीचं दार कुणीतरी उघडं टाकलेलं दिसलं. आत गेले, बसले, डोळे मिटले. त्याने उठवलं तशी उठले. खांद्यावरचं फडकं घेतलं आणि मी जिथे बसले होते ती जागा पुसली. माझ्याच हाताने. पाठ टेकली होती तिथेही पुसलं. त्याने वाकून पाहिलं आणि तरी त्या खुर्चीत बसला नाही. शेजारच्या खुर्चीत बसला.

समोरच्या भिंतीवर माझा फोटो होता. त्याच खुर्चीत मी बसलेली, हसणारी, बाजूला माझ्याबरोबर सफाई करणारी रमिलाबेन. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की इथे प्रत्येकाच्या आरोग्याची काळजी घेतली जाते. मी नववीपर्यंत शिकलेय, एवढं वाचता येतं मला.

दारात ताई उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. त्या पोराला एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र मराठीत, हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस गं. आपण नंतर बोलू."

ते नंतर कधी आलंच नाही.

ताई म्हणजे त्या ऑफिसचं सगळं ॲडमिन बघणारी बाई. आज मी तिला ताई म्हणत नाही, पण तेव्हा म्हणत होते, म्हणून इथेही तसंच लिहिते. तिचं माहेर बडोद्याच्या नागरवाड्यात, घराणं जुनं, आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर. हे तिनेच सांगितलेलं. आम्ही प्रतापनगरचे. वडील खानदेशातून आले आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर म्हणून लागले. मी कंत्राटदाराकडची बाई, झाडू-पोछा करणारी. त्या इमारतीत आम्ही सात जणी होतो आणि त्यात मराठी मी एकटीच.

बडोद्यात घराबाहेर सगळा कारभार गुजरातीत. बाजार, बस, सुपरवायझरच्या शिव्या, सगळं. त्यामुळे अचानक कुणी आपल्याशी मराठीत बोललं की माणूस विरघळतो. मीही विरघळले. पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या, "मराठी ना तू? मग मला मॅडम नको म्हणूस. ताई म्हण." मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. ते काय असतं हे आम्हाला लहानपणापासून कळतं. पण मी मनाला गप्प केलं. म्हटलं, हसून बोलते ना, बास झालं. त्यांच्या केबिनमध्ये मला चहा मिळायचा तो कागदी कपात, आणि त्या स्वतः चिनी मातीच्या मगातून प्यायच्या. तेही मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

ऑफिस नवीन इमारतीत आलं त्या वर्षीची गोष्ट. ही हेल्दी बिल्डिंग आहे असं सगळे म्हणायचे. हवा बाहेरून ताजी आत यायची. खिडक्या मोठ्या, प्रत्येक टेबलापर्यंत उजेड. टेबलं वरखाली होणारी, कंबर धरली तर उभं राहून काम करा. जागोजागी झाडं. लॉबीत हवा किती चांगली आहे ते दाखवणारा पडदा, कायम हिरवा.

आणि हे सगळं खोटं नव्हतं. हे मी छातीठोक सांगते, कारण कचऱ्याचे डबे मी रिकामे करत होते. जुन्या ऑफिसात डब्यांत डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं निघायची, बामच्या बाटल्या, खोकल्याचं औषध. नव्या इमारतीत सहा महिन्यांत ते जवळजवळ थांबलं. माणसं दुपारी टेबलावर डोकं टाकून पडेनाशी झाली. चिडचिड कमी, काम जास्त, साहेब खूश. बरी हवा, उजेड आणि पाठ टेकायला जागा मिळाली की माणूस बरा राहतो आणि चांगलं काम करतो, हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

आमची जागा तळघरात होती. पाण्याच्या पंपाशेजारी, ॲसिड आणि फिनेलचे डबे ठेवतात तिथे. तिथेच डबे उघडायचे, तिथेच जेवायचं, जिन्याच्या पायरीवर बसून. खिडकी नाही. वर्कशॉपमध्ये माझ्या वडिलांना निदान बसायला बाक होता आणि जेवायला कँटीन होतं.

मग तपासणी आली. इमारतीला आरोग्याचं सर्टिफिकेट हवं होतं आणि त्यासाठी सफाई करणाऱ्यांनाही विश्रांतीची खोली लागते असा नियम होता. ताईंनी मला बोलावलं. तिसऱ्या मजल्यावर खोली तयार केली होती. पश्चिमेला खिडकी, खिडकीत कडुनिंब, चार आरामखुर्च्या, थंड पाण्याचं मशीन. "तुमच्यासाठी आहे गं ही," त्या म्हणाल्या. "फक्त एक फोटो हवाय, आणि कागदावर तुम्हा सगळ्यांच्या सह्या. तू सांगितलंस तर बाकीच्या ऐकतील."

बाकीच्या ऐकेनात. रमिलाबेन आमच्यात सगळ्यात मोठी, पाणीगेटहून यायची. तिचे पाय दुपारपर्यंत सुजून चपलेच्या पट्ट्यातून वर यायचे. ती म्हणाली, "फोटो पाड्या पछी शुं?" फोटो काढून झाल्यावर काय?

तेव्हा मी जे बोलले ते मला आजही डसतं. मी म्हणाले, "मराठी बेन छे. खोटुं नहीं बोले."

मराठी बाई आहे, खोटं बोलणार नाही. माझ्या जामिनावर बाकी सहा जणींनी सह्या केल्या. नवीन साड्या नेसून आळीपाळीने खुर्च्यांत बसलो. फोटोवाला म्हणाला हसा, आम्ही हसलो. रमिलाबेन खरंच हसली होती, पाय वर घेऊन बसायला मिळालं म्हणून.

दहा दिवस ती खोली आमची होती. मग दाराला कार्डाचं कुलूप लागलं. आमच्या कार्डाने ते उघडेना. स्टाफची पोरं तिथे दुपारी पडायला लागली. मी ताईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, पॉलिसी बदलली वरून. मी काय करू? तुमची वेगळी सोय बघते." मी आठवडाभराने पुन्हा गेले. महिन्याने पुन्हा. आम्ही तळघरातच जेवत राहिलो. पावसाळ्यात रमिलाबेन पंपाशेजारी ओल्या फरशीवर घसरली, मनगट मोडलं. रिक्षात बसवताना ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तारी मराठी बेन." तुझी मराठी बाई. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या पोराने मला खुर्चीतून उठवलं ते त्यानंतर. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. पोराचा राग फार वेळ टिकला नाही. तो मला ओळखत नव्हता. ताई ओळखत होत्या. माझ्या भाषेत त्यांनी मला गाठलं, माझ्या तोंडून सहा बायकांना फसवलं, आणि माझी खुर्ची पुसून होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. परक्याने मारलं तर माणूस ओरडतो. घरच्या भाषेत मारलं तर ओरडायलाही लाज वाटते. त्या लाजेवरच त्यांचं सगळं चाललं होतं हे मला त्या दिवशी कळलं.

सर्टिफिकेट पुन्हा तपासायची वेळ आली. ताईंनी बोलावलं, जणू काही झालंच नव्हतं. "उद्या बायकांना घेऊन खोलीत बस गं. तुला तर आता सवय आहे."

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं होतं. आम्ही सात जणी आत गेलो. रमिलाबेनचं मनगट वाकडंच जुळलं होतं, तरी ती कामावर आली होती. कुणी बसलं नाही. मी बसले नाही म्हणून कुणीच बसलं नाही. तपासायला आलेली बाई अहमदाबादची होती, हातात फाइल. तिने गुजरातीत विचारलं, तुम्ही रोज इथे आराम करता का?

ताई माझ्या कानाशी आल्या. "हो म्हण गं. आपल्या घरचं काम समज."

मराठीत. पुन्हा मराठीत.

मी मागे वळून सहा जणींकडे पाहिलं आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या बाईला गुजरातीत म्हणाले, "ना बेन. आ रूम अमारो नथी. फोटो पाडीने ताळुं मारी दे छे. अमे नीचे पंप पासे बेसीए छीए. चालो, बतावुं."

ही खोली आमची नाही. फोटो काढून कुलूप लावतात. आम्ही खाली पंपाशेजारी बसतो. चला, दाखवते.

ती बाई आली. तळघरात उतरली, नाकाला पदर लावला, फाइलीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही. सर्टिफिकेट मिळालं की नाही तेही माहीत नाही, कारण त्याच संध्याकाळी कंत्राटदाराने मला तिथून काढून दुसऱ्या साइटवर टाकलं. ताईंचा फोन आला. "आपल्या माणसाचा असा घात करतात का गं?"

मी म्हणाले, "माझी माणसं खाली पंपाशेजारी बसतात. तुम्ही त्यांच्यातल्या नाही." आणि फोन ठेवला. 

आता मला कुणी बाजूला घेऊन मराठीत गोड बोललं की मी आधी माझ्या बरोबरच्या बायका कुठे उभ्या आहेत ते बघते. त्यांना ऐकू येत नसेल तर मी ऐकत नाही. त्यांना कळत नसलेल्या भाषेत मी कुणाचा शब्द घेत नाही आणि कुणाला देत नाही.

नव्या साइटवर पहिल्या सकाळी सुपरवायझरने माझ्यासमोर झाडू ठेवला. मी सगळ्या बायकांदेखत विचारलं, आम्ही बसायचं कुठे? तो म्हणाला, जोईशुं, बघू. मी म्हणाले, बघू नको, दाखव.

तो दाखवेपर्यंत मी झाडूला हात लावला नाही.