बॉनेट उघडण्याआधी बोर्ड वाचा

गाडी बंद पडली की माणूस खरं सांगत नाही. "काय केलं नाही, आपोआप बंद पडली," म्हणतो. बॉनेट उघडलं की आतून पाणी ठिबकतं! पाटसजवळ हायवेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि असल्या 'आपोआप' गाड्यांनी माझं डोकं पार कामातून गेलंय. किस्से एवढे साठलेत, की कुठला आधी सांगू असं होतं.

*

पहिला मान नानांचा. नाना डाळिंबवाले. दसऱ्याच्या सकाळी त्यांनी फवारणीचा एचटीपी पंप लावून इंजिन धुतलं. फ्यूजबॉक्सवर थेट धार! मग मला फोन. का, तर डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजतो.

घरची पूजा अर्धी टाकून मी गेलो. म्हटलं, "नाना, ही काय डाळिंबाची बाग आहे का?"

नाना शांत. "राहू दे मग तसंच. वळताना हॉर्न द्यावाच लागतो की!"

*

आमच्या वस्तीवरचा विलास कुरकुंभला कंपनीत आहे. शिफ्ट सुटली, बारा-तेरा किलोमीटर गाडी तापवत आला आणि आल्या आल्या इंजिनवर बादली ओतली. धूर बघून बायको ओरडत बाहेर आली. प्लगमध्ये पाणी, गाडी नुसती आचके देतेय.

"अरे, तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओततात का?"

"मंग? तापलंय म्हून तर वतलं!"

मी पान्हा आपटला. पण हा सुधारतोय कसला! पुढच्या महिन्यात कुठूनसं कसलंतरी केमिकल कॅनमधून घेऊन आला. "कसलाबी डाग जातो, दत्ता!" डाग गेला. डागाबरोबर वायरींचं आवरण आणि एक रबरी पाइपही गेला. आणि हा मला विचारतो, "पर चमक कशी आली, ते बघ की!"

*

आता भाऊंचा किस्सा. भाऊ म्हणजे वस्तीचे पुढारी, पांढरी गाडी, सभेला निघायचं होतं. मी सहज तिकडून चाललो होतो. बघतो तर बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि भाऊ पेट्रोलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं इंजिन पुसतायत! चालू इंजिन!

मी धावत जाऊन चावी काढली, फडकं हिसकावून लांब फेकलं आणि तोंडाला येईल ते बोललो. पुढारी गेला खड्ड्यात. वस्तीच्या मधोमध, शेजारी कडब्याची गंजी!

भाऊ घड्याळ बघत म्हणाले, "तुझ्यापायी सभेचा टाइम गेला राव."

*

त्याच संध्याकाळी मी बोर्ड रंगवून घेतला. दुकानाच्या दारावर, लाल अक्षरात. रागातच सांगत गेलो, पेंटर लिहीत गेला:

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची मायनस वायर काढा. काढल्यावर तिला कुणीही हात लावायचा नाही! फ्यूजबॉक्स, अल्टरनेटर पिशवीनं झाका. पंप नाही, बादली नाही, पेट्रोल तर नाहीच. ओलं फडकं आणि ब्रश. नीट वाळवा, पिशव्या काढा. एवढं करूनही गाडी बंद पडली तर तुमच्या हातातच खोट आहे, मला फोन करू नये!

बोर्डचा फोटो वस्तीच्या ग्रुपवर टाकला. आठवडाभर एक फोन नाही. मी खूश.

*

आप्पांची गाडी म्हणजे आमच्या वस्तीची ॲम्ब्युलन्स. कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला साप चावला, की आप्पा निघाले दौंडला. त्या दिवशी मात्र त्यांच्या घरचीच पाळी होती. त्यांच्या बायकोच्या, आक्कांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. एक डोळा आधीच गेलेला, उरला तो हा. दोन महिने थांबून नंबर मिळाला होता, सकाळी नऊचा.

संध्याकाळी मी दुकान बंद करत होतो. समोर एसटी थांबली आणि दोघं उतरली. आक्कांच्या डोळ्याला पट्टी नाही.

"काय झालं?"

"उशीर झाला," आप्पा म्हणाले. "डाक्टर निघून गेलते. आता फुडच्या म्हयन्यात या म्हनले."

"गाडी कुठंय?"

"चालू व्हईना. काल तुज्या बोर्डापरमानं सगळं साफ केलं. एकबी गोष्ट सोडली न्हाई."

"मग फोन का नाही केला मला? पाच मिनिटांवर तर राहतो मी!" मी रस्त्यातच ओरडलो.

आप्पांनी दारावरच्या बोर्डाच्या शेवटच्या ओळीकडं बोट दाखवलं. मी तसाच तणतणत त्यांच्या दारात गेलो, बॉनेट उघडलं. इंजिन आरशासारखं. पाण्याचा थेंब नाही, पिशवी नाही, एक फ्यूज इकडचा तिकडं नाही. आणि बॅटरीची मायनस वायर, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून, नीट बाजूला ठेवलेली.

"आप्पा, अहो, ही परत जोडायची नाही का?"

मागून आक्का आल्या, चाचपडत, बॉनेटला हात लावून उभ्या राहिल्या.

"मला काय दिसत न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "तूच बघ वाचून. जोडायची कुठं लिवलंय?"